इहीणबाईंसोबत किनाऱ्यानं

समुद्राच्या काठाकाठानं पायी चालायची ती सहल मुळात माझ्यासाठी आणि आमच्या ह्यांच्यासाठी होती. पुण्याला राहणाऱ्या मुलीनं परस्पर आमची नावं घातली आणि मग फोन केला. "आई, कोकणात जायचं. एक गाइडताई असते, दहा-बारा माणसं असतात, सामान गाडीतून पुढे जातं. आपण फक्त चालायचं."

हे तेव्हा दुकानात गादीवर बसून लग्नसराईचा माल लावून राहिले होते. म्हणाले, "ऐन सीजनमध्ये दुकान सोडून मी वाळूत चालू? पागल झाली का पोरगी?"

मग माझ्यासोबत कोण जाणार, असा प्रश्न आला. मी थट्टेनं म्हटलं, "तुझ्या सासूबाईंना विचार." मुलीनं खरंच विचारलं, आणि त्यांनी त्याच फोनवर हो म्हटलं. घरात सगळे चाट पडले. मी तर जास्तच.

आमच्याकडे विहिणीला इहीणबाई म्हणतात. माझ्या इहीणबाई मोहगावच्या पुढे, पांढुर्ण्याच्या वाटेवर एका खेड्यात राहतात. घरचं वावर आहे, थोडा कापूस, बाकी संत्री. मुलगा कॉलेजात होता तेव्हाच त्यांचे यजमान गेले, तेव्हापासून शेतीचं सगळं त्याच पाहतात. मी नागपूरजवळच्या सौंसरच्या बाजारातली, कापडाच्या दुकानाची. लग्न झाल्यापासून काउंटरमागे उभी. पोरांच्या लग्नाला तोवर सहा वर्षं झाली होती, पण आम्ही दोघी एकमेकींना भेटायचो त्या कार्यक्रमापुरत्या. त्या मुलाकडच्या, मी मुलीकडची. त्या आल्या की मी कपाटातल्या चांगल्या कपबशा काढायची. मी गेले की त्या ओटी भरल्याशिवाय उठू द्यायच्या नाहीत. बोलणं सगळं ‘तब्येत बरी आहे ना’ आणि ‘यंदा बहार कसा आहे’ एवढंच. एका खोलीत दोघीच बसलो आहोत, असं कधी झालंच नव्हतं. आता एका खोलीत शेजारी शेजारी झोपायचं होतं.

साडी नको, असं मुलीनं बजावलं होतं. इहीणबाईंनी जन्मात साडीशिवाय काही नेसलं नव्हतं. मी दुकानातल्या एकाच ताग्यातून दोघींचे सलवार-कुर्ते शिवून घेतले. निळ्यावर बारीक पांढरी बुट्टी. बूट त्यांनी पांढुर्ण्याहून स्वतः आणले. जायच्या दिवशी त्या सकाळच्या बसनं सौंसरला आल्या, तिथून आम्ही नागपूरची बस धरली. नागपूर स्टेशनवर पुण्याच्या गाडीची वाट पाहत उभ्या होतो. दोघींच्या अंगावर तेच कापड, पायात पांढरे बूट. इहीणबाईंनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा खाली स्वतःकडे पाहिलं, आणि गंभीर तोंडानं म्हणाल्या, "आपुन तं बँडवाल्यावानी दिसून राह्यलो."

मला इतकं हसू आलं की बाकावर बसावं लागलं. त्यांच्यासमोर मी तशी कधी हसले नव्हते.

पुण्यात एक दिवस मुक्काम होता. नातू चार वर्षांचा. तो आजीच्या, म्हणजे इहीणबाईंच्या, मांडीवर बसून त्यांनी आणलेल्या संत्र्याच्या फोडी खात होता. मी स्वयंपाकघरात मुलीला मदत करत होते. तिनं नळ सुरू ठेवला आणि हळूच म्हणाली, "आई, आम्ही कॅनडाला चाललोय. ह्यांना तिथे नोकरी मिळाली. जूनमध्ये."

मी पोळी लाटत होते, लाटतच राहिले. "किती दिवसांसाठी?"

"दिवस नाही गं. राहायलाच."

"इहीणबाईंना सांगितलं?"

"नाही ना. हिंमत होत नाही ह्यांची. तुम्ही सहलीहून परत आल्या की शांतपणे बसून सांगणार आहेत. तू काही बोलू नकोस, प्लीज."

मी मान हलवली. पोळी तव्यावर टाकली. बाहेरून नातवाचा आणि त्याच्या आजीचा हसण्याचा आवाज येत होता.

दुसऱ्या दिवशी गाडीनं सगळ्यांना रत्नागिरीच्या खाली, समुद्राजवळच्या एका गावात नेऊन सोडलं. आमच्या बरोबरची माणसं बहुतेक पुण्या-नाशिककडची, आमच्याच वयाची. गाइडताई पस्तिशीची असेल. उन्हानं रापलेली, बारीक चणीची, गळ्यात शिटी. तिच्याबरोबर सगळ्यात मागून चालायला एक दाढीवाले गृहस्थ होते. सुरुवातीलाच तिनं सगळ्यांना गोल उभं केलं. "पाणी पीत राहायचं. पाय दुखला तर लगेच सांगायचं, लपवायचं नाही. आणि माझ्यापुढे कोणी जायचं नाही. खडकातून वाट असते, भरतीच्या वेळा असतात, त्या मला बघाव्या लागतात." एवढं बोलून ती चालायलाच लागली.

गाव संपलं, सुरूचं बन लागलं, आणि झाडांमधून एकदम समोर समुद्र. मी लहानपणी एकदा मुंबईला चौपाटी पाहिली होती. हा समुद्र तसा नव्हता. इथे माणूस नाही, दुकान नाही. लांबच लांब वाळूची पुळण, तिच्या टोकाला काळा डोंगर सरळ पाण्यात उतरलेला, आणि पुढे नुसतं पाणी. इहीणबाईंनी समुद्र कधीच पाहिला नव्हता. त्या थांबल्या. मला वाटलं आता हात जोडतील. त्यांनी डोळ्यांवर आडवा हात धरला, डावीकडून उजवीकडे सगळं नीट पाहून घेतलं आणि मला विचारलं, "याचा धुरा कोठी आहे?"

धुरा म्हणजे शेताचा बांध. मी म्हटलं, "याले धुरा नाही, इहीणबाई."

"मंग हे कोणाचंच नाई म्हना," असं म्हणून त्या पुढे निघाल्या.

चालण्यात त्या माझ्यापेक्षा कितीतरी पुढे होत्या. रोज वावरात जाणारं शरीर. वाळूत बूट रुततात म्हणून त्यांनी पहिल्याच तासात ते काढून पिशवीत टाकले. मी मात्र उभं राहून आयुष्य काढलेलं. उभं राहणं वेगळं आणि चालणं वेगळं, हे मला तिथे कळलं. पहिल्या दुपारी आम्ही पुळण सोडून वर सड्यावर चढलो. सडा म्हणजे डोंगराच्या माथ्यावरचं सपाट काळं कातळ, मैलच्या मैल. वर पिवळं वाळलेलं गवत, अधूनमधून करवंदाची जाळी, आणि वारा असा की बोललेलं शेजारच्याला ऐकू जाऊ नये. एका बाजूला खाली समुद्र. वरून पाहिलं की लाटांचा आवाज उशिरा यायचा; आधी पांढरा फेस दिसायचा, मग धप्प. मी तोंड उघडं ठेवून श्वास घेत होते आणि तरी मला थांबावंसं वाटत नव्हतं. दुकानात दिवसभर माझी नजर फार तर रस्त्यापलीकडच्या भांड्यांच्या दुकानापर्यंत जाते. इथे ती जात होती तर जातच होती.

मुक्काम एकेका गावात कोणाच्या तरी घरी असायचा. शेणानं सारवलेलं अंगण, पोफळीची झाडं, जेवायला तांदळाची भाकरी, आमटी, सोलकढी. बाकीचे मासे खायचे. आम्ही दोघी तिकडे न पाहता जेवायचो. इहीणबाईंना सोलकढी आवडली, पण एकंदर जेवण फिकं वाटायचं. त्यांनी घरून डबी भरून मिरचीचा ठेचा आणला होता. दुसऱ्या दिवशी तो पंगतीत सगळ्यांना फिरला. ताईनं चाखला आणि तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. "काकू, हे तुम्ही रोज खाता?"

"हे तं लेकराच्या खान्याचं आहे," इहीणबाई म्हणाल्या.

त्याच दुसऱ्या संध्याकाळी माझे पाय सुजले. घोट्याजवळ बोट दाबलं तर खड्डा राहायचा. मी खाटेवर बसून पाय वर घेऊन पाहत होते. इहीणबाई अंघोळ करून आल्या. त्यांनी पाहिलं, घरच्या बाईकडून वाटीत खोबरेल तेल घेऊन आल्या आणि खाटेच्या पायथ्याशी खाली बसून त्यांनी माझा पाय ओढून मांडीवर घेतला.

मी एकदम पाय मागे ओढला. "इहीणबाई, काय करून राहिल्या! तुम्ही मुलाच्या आई!"

"असीन. पाय आना इकडं."

"मले बरं नाही वाटत हो."

"सूज बी बरी नाई. आना."

आमच्याकडे मुलाच्या आईनं मुलीच्या आईचे पाय चेपायचे, हे कोणाला सांगितलं तर पटणार नाही. लग्नात यांच्या पायांवर मी पाणी घातलं होतं. त्यांनी अंगठ्यानं दाबत दाबत घोट्यापासून वरपर्यंत तेल जिरवलं. त्यांचे तळवे खरबरीत होते आणि गरम होते. त्या म्हणाल्या, यजमान आजारी होते तेव्हा त्यांचे पाय असेच सुजायचे. एवढंच. मी खालमानेनं बसून होते. पुण्यातला तो सुरू ठेवलेला नळ माझ्या कानात वाहत होता. यांच्या पोटचं पोर दूर जाणार आहे, हे मला माहीत आहे आणि यांना माहीत नाही, आणि या माझे पाय चेपून राहिल्या. त्या रात्री मी बराच वेळ जागी होते. त्या मात्र पडल्या पडल्या झोपल्या.

तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही एका मोठ्या पुळणीवरून चाललो. ओल्या वाळूवर खेकड्यांनी वाळूच्याच बारक्या गोळ्या करून नक्षी काढलेली. पाणी बरंच मागे गेलं होतं. पुळणीच्या शेवटी डोंगराचं एक नाक समुद्रात घुसलेलं होतं. त्याच्या पायथ्याच्या खडकांवरून पलीकडे जायचं, मग एक छोटी पुळण, मग वर गाव, अशी त्या दिवशीची वाट. नाकाच्या अलीकडे सावलीत चहा झाला. ताई एका बाईंच्या फोड आलेल्या बोटाला पट्टी लावत होती. मी आणि इहीणबाई एका दगडावर बसलो होतो. आमच्यातले एक निवृत्त बँकवाले गृहस्थ गप्पिष्ट होते. ते मला म्हणाले, "तुम्ही दोघी विहिणी, आणि एकत्र सहलीला! कमाल आहे. नातवंडं किती?"

"एक नातू आहे, चार वर्षांचा," मी म्हटलं.

"मग आता शाळेत घालायची गडबड असेल. पुण्यात शाळा म्हणजे महाकठीण."

आणि मी, चहाचा घोट घेता घेता, म्हणाले, "नाही, आता शाळा तिकडेच, कॅनडात गेल्यावर."

शब्द तोंडातून गेले आणि मला कळलं. बँकवाल्यांना काही कळायचं कारण नव्हतं. ते खूश होऊन त्यांच्या भाच्याबद्दल सांगायला लागले, तो तिकडेच असतो, थंडी किती असते. माझी मान वळेना. शेवटी वळवली. इहीणबाईंनी कप दगडावर ठेवला होता आणि त्या माझ्याकडे पाहत होत्या. रागानं नाही. एखाद्या हिशेबात कुठेतरी चूक आहे आणि ती सापडत नाही, तसं पाहत होत्या. मग त्या उठल्या, पिशवी खांद्याला लावली आणि खडकांच्या दिशेनं चालायला लागल्या.

मला वाटलं, थोडं दूर जाऊन उभ्या राहतील. मी उठून मागे जावं की नको, या विचारात राहिले. तेवढ्यात त्या खडकांवर चढल्या आणि नाकाच्या वळणाआड दिसेनाशा झाल्या.

"ताई!" मी ओरडले.

ताईनं मान वर केली आणि क्षणात उठली. तिनं शिटी वाजवली, पुन्हा वाजवली. लाटांच्या आवाजात ती कुठे ऐकू जाणार? तिनं पाण्याकडे पाहिलं. पाणी परतायला लागलं होतं. मघाशी कोरडे दिसणारे पुढचे खडक आता ओले होत होते. तिनं दाढीवाल्या गृहस्थांना सांगितलं की बाकी सगळ्यांना वरच्या पायवाटेनं न्या, मी काकूंना घेऊन पलीकडून वर येते.

"मी येते," मी म्हटलं.

तिनं माझ्या पायांकडे पाहिलं. "आत्ता जाता येईल, परत येता येणार नाही. मी पाय ठेवीन तिथेच पाय ठेवायचा. जमेल?"

"जमेल."

ते खडक मला आजही आठवतात. काळे, भोकाभोकांचे, मध्ये स्वच्छ पाण्याची डबकी. डावीकडे डोंगर, उजवीकडे पाणी येतंय, मागे जातंय. ताई पुढे, मी तिच्या टाचांवर नजर ठेवून मागे. एकदा एक लाट बुटांवरून गेली. भीती वाटली नाही असं म्हणणार नाही, पण माझ्या डोक्यात पाण्यापेक्षा दुसरंच चाललं होतं. यांना काय म्हणू? कुठून सुरुवात करू?

नाकाच्या पलीकडे आठ-दहा माणसं बसतील एवढीच पुळण होती. इहीणबाई तिथे वाळूत मांडी घालून बसल्या होत्या, समुद्राकडे तोंड करून. पाय कोरडे होते. आमच्या आधी गेल्यामुळे त्यांना पाणी लागलंच नव्हतं. ताई त्यांच्याजवळ गेली आणि धाप लागलेल्या आवाजात म्हणाली, "काकू, माझ्यापुढे जायचं नाही, हे पहिल्याच दिवशी सांगितलं होतं."

"हो बाई. चुकलं माहं," इहीणबाई म्हणाल्या.

ताईनं आम्हा दोघींकडे पाहिलं. काहीतरी झालंय हे तिला कळलं असणार. तिनं कमरेच्या वॉकीटॉकीवरून वरच्यांना निरोप दिला, मग डोंगरावर जाणारी पायवाट दाखवली. "इथपर्यंत पाणी येत नाही. दम घ्या, मग चढू." आणि ती पायवाटेच्या तोंडाशी जाऊन, आमच्याकडे पाठ करून, पाणी पीत बसली.

मी इहीणबाईंच्या शेजारी बसले. मग त्यांनीच विचारलं, "कधी समजलं तुमाले?"

"पुण्यात. आपण निघालो त्याच्या आदल्या दिवशी."

"कधी जाऊन राह्यले?"

"जूनमध्ये."

"मंग येतीन वापस?"

मी नाही अशी मान हलवली. त्यांनी वाळूची मूठ भरली आणि सोडून दिली. "अन् मले कधी सांगनार होते?"

"आपण परतल्यावर. तुमचा मुलगाच सांगणार होता. हिंमत होऊन नव्हती राहिली त्याची."

"हिंमत!" त्या एकदम माझ्याकडे वळल्या. "मी का वाघ आहो का? त्याचे बाबा गेले तवा तो वापस आला होता. म्हने, आई, मी आता शिक्षन सोडतो, वावर पाह्यतो. मीच त्याची पेटी भरून त्याले बसमध्ये बसवून देलं. तवा नाई अडवलं, आता अडवीन? जाऊ दे ना त्याले. कॅनडा असो का अजून कुठी असो. पन दुनियेले माहीत अन् मायले नाई! त्या चहाच्या जागी, त्या बँकवाल्यासमोर समजावं मले?"

"चूक माझी आहे," मी म्हटलं.

"तुमची कायची? तुमच्या तोंडातून निंगालं म्हून बरं झालं." त्यांनी पदर शोधला; सलवार-कुर्त्याला पदर नव्हता, म्हणून ओढणीनं डोळे पुसले. लाट आमच्यापासून बरीच लांब थांबून परत गेली. आम्ही आलो ते खडक आता दिसत नव्हते.

काही वेळानं त्या म्हणाल्या, "अन् तुमी?"

"मी काय?"

"तुमची बी तं पोरगी जाऊन राह्यली. एकुलती एक. तुमाले कसं वाटून राह्यलं?"

त्या प्रश्नानं माझं काय झालं ते सांगता येत नाही. पुण्याच्या त्या स्वयंपाकघरापासून मी सारखी इहीणबाईंचाच विचार करत होते. त्यांना कळलं तर काय होईल, त्यांना कोण सांगणार. माझी पोरगी जाणार आहे, हे मला स्वतःला मी अजून सांगितलंच नव्हतं. तिनंही विचारलं नव्हतं. मला रडू फुटलं. मोठ्यानं, लहान पोरीसारखं. इहीणबाईंनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि तसाच राहू दिला. ताईनं एकदा मागे वळून पाहिलं आणि पुन्हा तोंड फिरवलं.

मग आम्ही वर चढलो. वाट खडी होती, दोन ठिकाणी हात टेकावे लागले. अवघड जागी इहीणबाई वरून हात द्यायच्या. माथ्यावर पोचलो तेव्हा बाकीची मंडळी एका झाडाखाली वाट पाहत होती. बँकवाल्यांनी विचारलं, "काय, शॉर्टकट सापडला का?" इहीणबाई म्हणाल्या, "हो. पन तुमाले झेपला नसता." सगळे हसले. आम्ही पण हसलो.

त्या गावात फोनला रेंज फक्त देवळाजवळच्या उंचवट्यावर मिळायची. संध्याकाळी इहीणबाई म्हणाल्या, "चला माह्यासंग." आम्ही देवळाच्या पायरीवर बसलो. खाली माड, माडांच्या पलीकडे पाणी, त्यावर ऊन उतरत आलेलं. त्यांनी मुलाला फोन लावला आणि मला म्हणाल्या, आवाज मोठा करून द्या. मी स्पीकर सुरू केला.

"आई! कशी आहेस? चालून चालून थकली काय?"

"मी बरी आहो. अयक. मले समजलं."

मग जावयांचा हळू आवाज आला, "काय समजलं?"

"तेच. आता घाबरू नोको अन् कोनाले रागावू बी नोको. मले तुह्या तोंडून अयकाचं आहे. पयल्यापासून सांग. मले काईच माहीत नाई असं समजून सांग."

"आई..."

"सांग ना रे."

आणि त्यांनी सांगायला सुरुवात केली. आधी अडखळत, मग मोकळेपणानं. कुठली कंपनी, काम काय, मुलाखत कशी झाली, शहर कसं आहे, बर्फ किती पडतो, मुलाची शाळा घरापासून किती दूर आहे. इहीणबाई पायरीवर टेकून ऐकत होत्या. मधूनच म्हणायच्या, "हो का?" "अस्सं?" "घरात गरम राह्यते ना पन?" जणू हे सगळं त्यांना पहिल्यांदाच कळत होतं. खरं तर पहिल्यांदाच कळत होतं. शेवटी जावई म्हणाले, "आई, तू म्हणशील तर मी नाही जात."

"असं बोलू नोको," त्या म्हणाल्या. "जाजो. पन पुढच्या बारीनं काई असलं तं मले पयले सांगजो. तुह्या सासूले नाई."

मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि तोंडावर हसू. पलीकडून माझी मुलगी रडताना ऐकू येत होती. मी फोन हातात घेतला आणि तिला म्हटलं, "मलाही सांग. मी त्या दिवशी पोळ्या लाटून राहिली होती, मला काही ऐकू आलं नाही." तिनंही सांगितलं. त्यात अंधार पडला आणि आम्हाला जेवायला बोलवायला माणूस आला.

उरलेले दिवस आम्ही नुसत्या चाललो. एक खाडी होडीतून ओलांडली. एका सड्यावर ताईनं कातळात कोरलेली जुनी चित्रं दाखवली. मासा, हत्ती, आणि एक माणूस, हात खाली सोडून उभा. कोणी आणि कशासाठी कोरली हे नक्की कोणालाच माहीत नाही, असं ती म्हणाली. मला तिचं ते ‘माहीत नाही’ म्हणणं आवडलं. त्याच दुपारी आम्ही एका ओसाड पुळणीवर आलो. ताई म्हणाली, इथे उथळ आहे, गुडघ्यापर्यंत जायला हरकत नाही. इहीणबाई गेल्या. आधी घोट्यापर्यंत, मग गुडघ्यापर्यंत, मग लाट आली आणि त्या कमरेपर्यंत भिजल्या. मी काठावर उभी राहून ओरडले, "इहीणबाई, पुरे!" त्यांनी तिथूनच मला हातानं बोलावलं. मी गेले. वाळू तळव्याखालून सरकत होती. आम्ही एकमेकींचा दंड धरून उभ्या राहिलो आणि प्रत्येक लाटेला "आली, आली" म्हणून ओरडत राहिलो. वय विसरून, असं म्हणायची पद्धत आहे. आम्ही विसरलो नव्हतो. आमच्या वयाला ते शोभतच होतं.

पोरं जूनमध्ये गेली. आम्ही दोघी पुण्याला पोचवायला गेलो होतो. विमानतळावर नातू पुढे पळत होता, त्याला सामानाच्या गाडीवर बसायचं होतं. मुलगी सारखी मागे वळून पाहत होती. इहीणबाईंनी मुलाच्या तोंडावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "पोचला का फोन करजो." मग आम्ही रेल्वेनं परत आलो.

त्या पावसाळ्यात मला मलेरिया झाला. ताप उतरला तरी उठवत नव्हतं. ह्यांनी कोणाला कळवलं नव्हतं, पण मुलीनं तिकडून फोनवर माझा आवाज ऐकला आणि तिच्या सासूबाईंना सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं इहीणबाई सौंसरला हजर. हातात पिशवी, पिशवीत वावरातली भाजी. मी उठून चांगल्या कपबशा काढायला लागले तर त्यांनी मला खांद्याला धरून परत झोपवलं. घरातलं सगळं काम आवरलं, आणि दुपारी हे एकटेच आहेत म्हणून दुकानात जाऊन बसल्या.

संध्याकाळी हे घरी आले ते हसतच. म्हणाले, रामाकोन्याहून एक बाई गिऱ्हाईक आली होती, मुलीच्या साखरपुड्याची साडी पाहायला. तिनं गडद जांभळी काढायला लावली, अंगावर टाकून पाहिली, तिला पसंत पडली. ह्यांनी बिल करायला घेतलं. तेवढ्यात इहीणबाई म्हणाल्या, "बाई, हा रंग नोको घेऊ. पोरगी सावळी आहे म्हनतं ना तू? तिले हा खुलून नाई दिसनार." आणि मागच्या कपाटातून त्यांनी हळदी रंगाची, निम्म्या किमतीची साडी काढून दिली.

"अन् तिनं घेतली?" मी विचारलं.

"घेतली ना. वरून म्हने, उद्या बहिणीले घेऊन येतो, ह्या बाई असतीन ना?"

आतून इहीणबाईंचा आवाज आला. त्या माझ्यासाठी मुगाची खिचडी टाकत होत्या. "सांगा तिले, असीन म्हना. इहीणबाईले बरं वाटेपरेंत आहो मी."

मी पडल्या पडल्या हसले. बऱ्याच दिवसांनी भूक लागली होती.